मोकळी केलेली वाट

आईचं बोट कापलं तेव्हा रेन्स्के तिला 'बाई' म्हणाली. बीट चिरताना सुरी घसरली होती, आणि बिटाचा लाल आणि रक्ताचा लाल एकमेकांत असे मिसळले होते की नक्की किती लागलंय ते कळेना. रेन्स्के खुर्चीवरून उठली, नळ सोडला, आईचा हात कोपराला धरून वर केला आणि म्हणाली, "बाई, इथं बसा बरं. घाबरू नका. मी आहे तुमच्यासोबत." सगळं अगदी बरोबर होतं. आवाज खालचा, शब्द सुटे, चेहरा निर्मळ. आई आधी हसली. मग ते हसू तिच्या ओठांवरच थांबलं, आणि ओळखीच्या दुकानात शिरावं तर आत भलताच माल मांडलेला असावा, तशी ती रेन्स्केच्या तोंडाकडे बघायला लागली. "मला बाई म्हणालीस?" "सवय गं." "सवय," आई म्हणाली. पट्टी बांधून झाल्यावर दोघींनी बीट खाल्लं. रेन्स्केला त्याची चव लागली नाही. गेल्या हिवाळ्यापासून तिला कशाचीच चव लागत नव्हती. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या ते ध्यानात आलं, आणि ध्यानात येऊनही काही वाटलं नाही. निघताना आईनं बाबांच्या शेवटच्या फोनबद्दलचा नेहमीचा प्रश्न विचारला. "फोनवर कसा होता गं तो?" आणि रेन्स्केनं नेहमीचं उत्तर दिलं. "स्थिर होते, आई. बोलत होते. शुद्धीवर होते." आईनं मान हलवली. थोड्या दिवसांनी ती पुन्हा विचारणार होती, हे दोघींनाही माहीत होतं.

घरी परतताना गाडी बांधाच्या रस्त्यानं जात होती. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा चिखल, आणि रेन्स्के स्वतःशीच मोठ्यानं बोलून बघत होती. "आई." "आई, बस." "आई, लागलं का गं?" प्रत्येक वेळी आवाज तोच यायचा, इस्त्री केल्यासारखा. हार्लिंगेनच्या ॲम्ब्युलन्सच्या ठाण्यावर तो सगळ्यांच्या कौतुकाचा होता. ॲम्ब्युलन्समध्ये दोघंच असतात, एक चालवणारा आणि एक नर्स. जे काय ठरवायचं ते हलत्या गाडीत नर्सनं ठरवायचं, आणि रेन्स्के ठरवत असताना तिच्या आवाजात कधी सुरकुती पडत नसे. तो तिला बाबांकडून मिळाला होता. बाबांनी त्याच ठाण्यावर जन्मभर गाडी चालवली. ती सायकलवरून पडून, गुडघा फोडून दारात आली की बाबा धावत यायचे नाहीत. ओट्याला टेकून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय परिस्थिती?" ती नाक ओढत सांगायची, "मुलगी. वय आठ. उजवा गुडघा. शुद्धीवर आहे." "बोलतेय का?" "बोलतेय." "मग जगेल," असं म्हणून ते तिला उचलून ओट्यावर बसवायचे, आणि त्या उचलण्यात जगातलं सगळं असायचं. आईला हे आवडत नसे. "अरे, आधी रडू तरी दे तिला," ती म्हणायची. पण तोवर रडू गेलेलं असायचं, आणि ते गेलं कुठं, हे कुणी विचारायचं नाही.

बाबांचा फोन आला तो फेब्रुवारीतला एक मळकट दिवस होता. ड्यूटी संपत आली होती, रेन्स्केच्या हातात कॉफीचा कप होता. "पुरुष," बाबा म्हणाले. "वय एकाहत्तर. छातीत जरा दडपण. शुद्धीवर, बोलतोय." तोच ओट्याजवळचा सूर. तिला हसू आलं. तिनं विचारायचं ते सगळं विचारलं, पण त्याच सुरात: हातात कळ जाते? घाम? मळमळ? नाही, नाही, दुपारी हेरिंग मासा जरा जास्त झाला. "रुग्णाला काही ताण?" "बायको गाण्याच्या तालमीला गेलीय, त्यामुळे सध्या नाही." दोघंही हसले. "डॉक्टरांना फोन करा, बाबा." "करतो. तू ड्यूटी संपव आणि ये." कोणत्या प्रश्नाला कोणतं उत्तर दिलं की गाडी सायरन लावून सुटते आणि कोणतं दिलं की सुटत नाही, हे त्यांना तिच्याइतकंच पाठ होतं. त्यांनी न सुटणारी उत्तरं दिली. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. घाबरलेला माणूस भलतंसलतं बोलतो, रडतो, पत्ता विसरतो, आणि त्यावरूनच पलीकडच्याला कळतं. हे दोघं मात्र इतके तयार होते की कळायला जागाच उरली नाही. ती पोचली तेव्हा बाबा दिवाणखान्यात जमिनीवर होते. तिनं गाडी बोलावली आणि छाती दाबायला सुरुवात केली. तिच्याच ठाण्याची गाडी आली, चालक औके आत शिरला, आणि ती हात न थांबवता म्हणाली, "पुरुष, एकाहत्तर," आणि मग पुढचं सगळं ओळीनं. 'माझे वडील' हे शब्द त्यात आले नाहीत. सांगायच्या गोष्टींत नातं नसतं. नंतर ठाण्यावर जो तो म्हणाला, काय शांत होतीस गं तू. बाबांच्या मृत्यूच्या चौकशीतही कुणाची चूक निघाली नाही. ती उन्हाळ्यापर्यंत कामावर जात राहिली, आणि मग एका सकाळी गणवेशाची चेन लावता लावता तिचे हात तिथंच थांबले. दुखत काही नव्हतं. हात नुसते थांबले होते, आणि पुढचं काय करायचं ते त्यांना आठवत नव्हतं.

औके आला तो केकचा खोका घेऊन. तो तिच्या गाडीचा चालक, तिच्याहून पुष्कळ मोठा, टकलू, आणि दुःखाच्या घरी गेला की हमखास काहीतरी अचरट बोलणारा. "काय सिस्टर, ऐकतोय ते खरं का? तुला म्हणे सरकारी खर्चानं नशेच्या अळंब्या खायला घालणार."

"अळंब्या नाहीत. त्यातला अर्क. गोळी असते."

"आमच्या तरुणपणी याला वाया जाणं म्हणायचे. आता उपचार म्हणतात. जन्मायचीच घाई झाली मला." त्यानं खोक्याची दोरी सोडली. "बेटावरच्या जत्रेतला तो दाढीवाला आठवतो? अंगभर चिखल, आणि ओरडतोय, मी कंदील आहे, मला विझवू नका!"

"मी त्याच्यावर पांघरूण घातलं होतं."

"म्हणूनच तर रडला तो, विझलो म्हणून. तू कंदील झालीस तर मी हात लावणार नाही, आधीच सांगून ठेवतो." रेन्स्केनं हसण्यासाठी चेहरा हलवला. औकेनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग म्हणाला, "पण परत ये बाई. नवीन मुलगी दिलीय माझ्यासोबत. इतकी बडबडते, की पेशंट बरे होऊन उतरून जातात." तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. त्यानं साखर घातलेलीच नव्हती.

विद्यापीठाच्या गावात एका इस्पितळानं हा प्रयोग मांडला होता. ॲम्ब्युलन्सवाले, आगीचे बंब घेऊन धावणारे, तातडीच्या विभागातल्या नर्सेस. सगळी बाहेरून धडधाकट आणि आतून संपलेली माणसं. आधी बोलणं, मग एक दिवस ती गोळी, मग पुन्हा बोलणं. कुणाला पुरती मात्रा, कुणाला नावापुरती; कुणाच्या वाट्याला काय आलं, हे सोबत बसणाऱ्या हेरमिनलाही ठाऊक नसायचं. हेरमिन पन्नाशीची, जाड, पायात लोकरी मोजे, तोंडात सतत ती खारट काळी ज्येष्ठमधाची गोळी. "उपयोग होतो का याचा?" रेन्स्केनं पहिल्याच भेटीत विचारलं. "काहींना झालाय असं दिसतं," हेरमिन म्हणाली. "काहींना नाही. एक अग्निशमनवाला घरी जाऊन आठवडाभर नुसता झोपला. त्याच्या बायकोनं मला फुलं पाठवली." "आणि बिघडलं तर?" "म्हणून शेजारच्या खोलीत डॉक्टर असतो, आणि म्हणून मी इथून हलत नाही. तुला कशाची भीती वाटते?" रेन्स्केला वाटलं, कशाचीच नाही असं सांगावं, कारण ते खरं होतं. पण तोंडातून निघालं, "आवाज जाईल माझा." "बोलताच येणार नाही, असं?" "कामाचा आवाज. लोक तो ऐकून श्वास घेतात. तो गेला तर मी त्या गाडीत बसून करू काय? आणि..." ती थांबली. आणि बाबांचं माझ्याकडे तेवढंच आहे, हे तिनं सांगितलं नाही. हेरमिननं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. आवाज जाणार नाही, असं ती म्हणाली नाही. त्यामुळे रेन्स्केचा तिच्यावर विश्वास बसला.

ठरलेल्या सकाळी तिनं गोळी घेतली आणि सोफ्यावर आडवी झाली. डोळ्यांवर मऊ पट्टी, कानांवर संगीत, कुणीतरी चेलो वाजवत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. नावापुरतीच मिळाली आपल्याला, तिनं मनात म्हटलं, आणि त्यात सुटका होती की निराशा ते तिला सांगता आलं नसतं. मग सोफ्याचं कापड बोटांना जाणवायला लागलं. त्यातला एकेक धागा वेगळा, गाठी, गाठींमधलं अंतर. तिला बोटं उचलायची होती आणि ती उचलली जात नव्हती. ज्येष्ठमधाचा वास खोलीभर झाला, मग तो वास म्हणजेच खोली झाली. तिच्या पायांत वळवळ सुरू झाली. उठायला हवं होतं, कुठंतरी जायला हवं होतं, कुणीतरी वाट बघत होतं आणि ती इथं लोळत पडली होती. आणि संगीताच्या खालून, अगदी खालून, तिला हेरमिनचा श्वास ऐकू आला. आत जाताना ठीक. बाहेर येताना शेवटाला बारीक शीळ.

तिनं कानांवरचं काढलं आणि उठून बसली. "किती दिवस आहे हे?"

"काय?"

"श्वासाला शीळ. जिना चढताना धाप लागते? पायांना सूज? मोजे काढा बघू."

"रेन्स्के," हेरमिन म्हणाली, "आज तुझी सुट्टी आहे."

"सगळे असंच म्हणतात. सुट्टी आहे, तालीम आहे, हेरिंग जास्त झाला. मला खरं उत्तर द्या. छातीत दडपण आहे का?" तिचा आवाज अजून सपाट होता, पण त्या सपाट आवाजाच्या मागं कुणीतरी दारं आपटत होतं. पट्टीआड तिला काही दिसत नव्हतं आणि ती काढायचं तिला सुचत नव्हतं. "लहानपणापासून दमा आहे मला," हेरमिन म्हणाली, "खिशात पंप आहे. पण तुला बघायचं असेल तर बघ." आणि तिनं आपला हात रेन्स्केच्या हातात दिला. रेन्स्केची तीन बोटं मनगटावर आपोआप जागेवर बसली. ती मोजायला लागली. हे तिला झोपेतही जमलं असतं. पण आकडे एकामागून एक येईनात. मधलेच गळायला लागले, मागचे पुढं यायला लागले, आणि मग आकडे नव्हतेच. फक्त बोटांखाली काहीतरी ऊबदार, आपल्या नादात, येत होतं आणि जात होतं, येत होतं आणि जात होतं, आणि ते किती वेळा आलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "मला मोजता येत नाहीये," ती म्हणाली. "बरं," हेरमिन म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही.

आणि रेन्स्के आईबाबांच्या घराच्या पॅसेजमध्ये होती. ती तिथून कितीदा गेली असेल. अरुंद पॅसेज, जन्मभर सामानानं भरलेला: आईची सायकल भिंतीला टेकलेली, खुंट्यांवर कोटांचा ढीग, पायात अडकणारा लांब गालिचा. बाबा कामावरून आले की चिडचिड करायचे, लोक जीव वाचवायला बोलावतात आणि स्ट्रेचरच्या वाटेत, पॅसेजमध्ये सायकली ठेवतात. आणि आई म्हणायची, आधी आपल्या घरचं बघ. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला छत्र्यांचा जड डबा लावला होता. दिवसाउजेडी सगळे दिवे लावलेले. सायकल नव्हती. खुंट्यांवर एकही कोट नव्हता. गालिचा नीट गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला होता. मांजर मागच्या खोलीत कोंडलेलं ओरडत होतं. त्या दिवशी ती या सगळ्यामधून सरळ चालत गेली होती, कुठंही न अडखळता, आणि तिनं काहीच पाहिलं नव्हतं. आता ती पाहत होती. फोन ठेवल्यावर बाबा उठले होते. छातीवर ते ओझं घेऊन त्यांनी सायकल बाहेर नेली, शेडपर्यंत. परत आले. एकेक कोट काढून आतल्या पलंगावर टाकला. खाली बसून गालिचा गुंडाळला. गुडघ्यांवर बसले असतील, मध्ये थांबले असतील, भिंतीला डोकं टेकवलं असेल. अशा माणसानं साधी खुर्चीसुद्धा उचलू नये, हे त्यांनी स्वतः शेकडो लोकांना दरडावून सांगितलं होतं. त्यांना माहीत होतं. हसले तेव्हाही माहीत होतं. तिची ड्यूटी बिघडू नये म्हणून त्यांनी तसं सांगितलं, आणि ती आल्यावर तिला कुठं लागू नये म्हणून वाट मोकळी करून ठेवली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो बाबांचा नव्हता, ठाण्यावरचा नव्हता, तो खरखरीत आणि कुरूप होता, आणि शेजारच्या खोलीतला डॉक्टर दारात येऊन उभा राहिला. हेरमिननं त्याला मोकळ्या हातानं थांबवलं.

दुपार कलता कलता औके तिला न्यायला आला. गाडीत बसल्यावर त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय, झालीस का कंदील?"

"नाही. आमच्या पॅसेजमध्ये होते मी."

औकेनं गाडी सुरू केली, पण लगेच काढली नाही. "त्या दिवशी स्ट्रेचर एका फटक्यात आत आलं," तो म्हणाला. "तुमच्या घरात! मी तुझ्या बाबांना किती वेळा म्हणालो असेन, डाउवे, तुला काही झालं तर खिडकीतून काढावं लागेल तुला. मला वाटलं, सामान तू हलवलंस."

"माझे हात छातीवर होते, औके."

"हो," तो म्हणाला. "होते की." त्यानं गाल पुसला आणि मग टकलावरून हात फिरवला, जणू तेवढ्यासाठीच हात उचलला होता. रस्त्याला लागल्यावर सगळं फार स्पष्ट होतं. गवत फार हिरवं, ट्रक फार मोठे, आणि रेन्स्केच्या पायांतली वळवळ गेलेली नव्हती. बरं वाटतंय असं तिला म्हणता आलं नसतं. अंगावरची एखादी जुनी पट्टी कुणीतरी ओढून काढली होती आणि खाली काय निघालंय ते अजून बघायचं होतं. उद्या हे सगळं निघून जाईल का, ती गोळी पुरती होती की नावापुरती, ठाण्यावर तिला पुन्हा उभं राहता येईल का, यातलं काही तिला माहीत नव्हतं. "मला आईकडे सोड," ती म्हणाली. "त्या बाईनं सांगितलंय, थेट घरी जाऊन झोपायचं." "आईकडे सोड, औके."

आई मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होती. समुद्राकडून वारा होता, चादरी फटाफट वाजत होत्या. रेन्स्केनं गाडीत सगळं मनात लावून ठेवलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं. पण आईसमोर उभी राहिली आणि भलतंच टोक हाती आलं. "आई, आम्ही हसत होतो."

"कोण?"

"मी आणि बाबा. फोनवर. तू तालमीला गेलीस म्हणून ताण नाही असं म्हणाले, आणि आम्ही हसलो." मग तिनं हेरिंगचं सांगितलं, मग मांजराचं, मध्येच हेरमिनच्या मनगटाचं, मग पुन्हा मागं जाऊन उत्तरांचं, ती त्यांनी कशी निवडून दिली त्याचं. "तुझी सायकल त्यांनी नेली शेडमध्ये. कोट त्यांनी काढले. गालिचा त्यांनीच गुंडाळला, आई."

"मला वाटलं, तुमच्या लोकांनी," आई म्हणाली. ती उशीचा अभ्रा धरून उभी होती. "हसत होतात," ती म्हणाली. "तो मरत होता, आणि तुम्ही दोघं हसत होतात."

"हो."

आईनं अभ्रा झटकला. त्याला झटकायची काही गरज नव्हती. पुन्हा झटकला. "मी काय, गात होते नुसती. फोन कोटाच्या खिशात होता. तालमीत मी तो कधी बंद करत नाही, सगळ्या जणी ओरडतात मला त्यावरून. नंतर मी किती वेळा बघितलं असेल. त्याचा फोन नव्हता त्यात. तुझा होता, मग औकेचा." तिनं रेन्स्केकडे पाहिलं, आणि इतके महिने जो प्रश्न ती दुसऱ्याच शब्दांत विचारत होती तो आता तसाच्या तसा बाहेर आला. "मला का नाही केला त्यानं?"

"मला नाही माहीत," रेन्स्के म्हणाली. आवाज घोगरा होता, फुटत होता. मध्ये चादर उडून दोघींच्या तोंडावर आली आणि गेली. "तुला केला असता," ती म्हणाली, "तर त्यांना घाबरावं लागलं असतं."

"मग घाबरायचं होतं!" आई ओरडली. शेजारच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. "मग घाबरायचं होतं त्यानं. मी कशाला होते?" तिचे खांदे हलायला लागले. रडणाऱ्या माणसाजवळ कसं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचा, काय बोलायचं, किती वेळ काहीच बोलायचं नाही, हे रेन्स्केला सगळं शिकवलेलं होतं. त्यातलं तिला काही करता आलं नाही. तिनं आपला सगळा भार आईच्या अंगावर टाकला, लहान मूल टाकतं तसा, आणि त्या भारानं आई मागं सरकली, तिच्या हातातला अभ्रा उडाला, आणि दोघींचा तोल सावरायला तिला दोरीचा खांब धरावा लागला.